नाय म्हणजे नाय! (खाणीतून मंत्रिमंडळापर्यंत गेलेला एक वेल्श माणूस)

पारावरचा

नमस्कार मंडळी, खूप वर्षं नुसता वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

मे महिन्यात आई-बाबा आमच्याकडे कार्डिफला आले होते. बाबा जिल्हा परिषदेतून रिटायर झालेत, अख्खी नोकरी फायलींत गेली, त्यामुळे किल्ला दाखवा नाहीतर समुद्र दाखवा, यांचं आपलं एकच, "इथली झेडपी कुठे बसते रे?" शेवटी एका रविवारी म्हटलं चला, तुमच्या लायनीतला माणूस दाखवतो. आणि त्यांना ट्रेडीगर आणि एब्बू व्हेलच्या मधल्या उघड्या माळावर घेऊन गेलो. तिथे चुनखडीचे चार उंच दगड उभे केलेत. मोठा आहे तो बेव्हनचा, म्हणजे ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा उभी करणाऱ्या इथल्या मंत्र्याचा, बाकीचे तीन त्याच्या मतदारसंघातल्या गावांचे, एब्बू व्हेल, ट्रेडीगर आणि रिम्नी. वारा असा की बाबांची कानटोपी दोनदा उडाली, आईने तर गाडीतून उतरायलाच नकार दिला, थर्मास घेऊन आत बसली ती बसलीच. दगडावर लिहिलंय त्याचा अर्थ साधारण असा की इथून अनायरिन बेव्हन आपल्या मतदारसंघातल्या लोकांशी आणि जगाशी बोलला.

"नाव काय म्हणालास?"
"अनायरिन. पण सगळे नाय म्हणायचे."
"नाय? म्हणजे नाही?"
"हो. आणि माणूस पण तसाच होता बाबा."

मग तिथेच वाऱ्यात ओरडून ओरडून त्यांना ती गोष्ट सांगितली जी बेव्हनने १९४३ मध्ये पार्लमेंटात सांगितली होती. तो लहान असताना गावात एक माणूस दाखवून त्याला सांगायचे, बघ, हा कौन्सिलर, फार मोठा माणूस, कौन्सिलच्या हातात सत्ता असते. याने ठरवलं की तिथे जायचं. मोठा झाल्यावर खटपट करून टाऊन कौन्सिलवर गेला तर कळलं की सत्ता इथे होती खरी पण आता काउंटी कौन्सिलात गेली. मग काउंटीत निवडून गेला, तर तिथूनही ती नुकतीच निघून गेलेली, कोपऱ्यावरून वळताना तिच्या कोटाची शेपटी तेवढी दिसली.

बाबा इतके हसले की डोळ्यांतून पाणी (थोडं वाऱ्याचं पण असेल). म्हणाले, "अरे मग आमच्यात वेगळं काय होतं! ग्रामपंचायतीत गेलं की पंचायत समितीला विचारा, तिथे गेलं की झेडपीला, आणि आम्ही सांगायचो मंत्रालयातून जीआर आला नाही."

गोष्टीतली गावं आणि पदं खरी आहेत बरं का. १९२२ ला ट्रेडीगरच्या कौन्सिलवर, १९२८ ला मॉनमथशर काउंटीवर, १९२९ ला एब्बू व्हेलचा खासदार, आणि मग मरेपर्यंत, म्हणजे एकतीस वर्षं, तीच सीट.

थोडं मागचं. जन्म १५ नोव्हेंबर १८९७, ट्रेडीगर. वडील खाणकामगार. दहा भावंडं, त्यातली काही लहानपणीच गेली. शाळेत मास्तरशी जमलं नाही, वर बोलताना अडखळायचा. चौदा पूर्ण व्हायच्या आत खाणीत उतरला. पण खाणकामगारांनी आपल्या पगारातून वर्गणी काढून चालवलेली लायब्ररी गावात होती, याने ती पालथी घातली. अडखळणाऱ्या शब्दाला पर्यायी शब्द हवा म्हणून शब्द जमवत गेला, डोंगरावर जाऊन मोठमोठ्याने कविता म्हणायचा, त्यातून पुढे चर्चिलला तोंड देणारा वक्ता तयार झाला. मला हे फार भारी वाटतं, ज्या शब्दाशी अडतं त्याला वळसा घालून जायचं म्हणून शब्दसंग्रह वाढवणारा माणूस.

खाणकामगार युनियनच्या खर्चाने १९१९ मध्ये लंडनच्या लेबर कॉलेजात दोन वर्षं शिकला, परत आला तर काम नाही. खाणमालकांनी या चळवळ्याला घ्यायलाच नकार दिला. १९२५ मध्ये वडील गेले, कोळशाच्या धुळीने फुफ्फुसं भरून, याच्याच हातात. भरपाई दमडी मिळाली नाही कारण तो आजार तेव्हा खाणीचा आजार म्हणून कायद्याच्या यादीतच नव्हता.

आणि हाच माणूस १९४५ मध्ये आरोग्यमंत्री झाला. वय ४७, आधी साधं उपमंत्रीपदही सांभाळलेलं नाही, पंतप्रधान ॲटलीच्या मंत्रिमंडळात सगळ्यात लहान. तीन वर्षांत एनएचएस (नॅशनल हेल्थ सर्व्हिस, इथली सरकारी आरोग्यसेवा) उभी केली. पुढचं प्रतिसादांत लिहितो, टाईप करून हात दुखले.

निवांत

पहिलाच धागा आणि एवढा मस्त! बाबांना सांगा त्यांचा डायलॉग वाचनखुणेत साठवलाय.
एक शंका, हाच ना तो परराष्ट्रमंत्री? पॅलेस्टाईनच्या भानगडीत होता तो?

पारावरचा

नाही हो, तो बेव्हिन. अर्नेस्ट बेव्हिन. हा बेव्हन. दोघेही लेबरचे (मजूर पक्षाचे), दोघेही गरिबीतून आलेले, दोघेही एकाच कॅबिनेटमधे आणि एकमेकांना पाण्यात पाहायचे. कोणीतरी म्हणालं की नाय हा स्वतःचाच सगळ्यात मोठा शत्रू आहे, तर बेव्हिन म्हणाला, मी जिवंत असेपर्यंत तरी नाही! (काहीजण म्हणतात हे तो त्याच कॅबिनेटमधल्या हर्बर्ट मॉरिसनबद्दल बोलला होता. कुणाबद्दलही असो, वाक्य झकास आहे.)

त्यात तिसरा बेव्हरिज. १९४२ चा तो सामाजिक सुरक्षेवरचा प्रसिद्ध रिपोर्ट लिहिणारा, तो लेबरचा नव्हे, लिबरल, आणि त्याचा जन्म आपल्या इकडचा, बंगालमधलं रंगपूर. आता परीक्षेला बसायला हरकत नाही.

शंकासुर

लेख आवडला पण आरती जरा जास्त झालीय. एनएचएस एकट्या बेव्हनने उभी केली हे वाक्य ब्रिटनमधे शाळेतली पोरं लिहितात. बेव्हरिज रिपोर्ट आधीचा, १९४४ ची युद्धकाळातली आरोग्याची श्वेतपत्रिका आधीची, आणि ती काढली तेव्हा आरोग्यमंत्री हुजूर पक्षाचा होता. दवाखाने युद्धात सरकारी छत्राखाली आलेच होते. याने फक्त फीत कापली असं नाही म्हणत मी, पण...

डॉ_खोकला

शंकासुरजी, अर्धं बरोबर आहे तुमचं. श्वेतपत्रिका होती पण त्यात दवाखाने ज्याचे त्याच्याकडेच राहणार होते, म्हणजे धर्मादायवाले धर्मादायकडे आणि म्युनिसिपालिटीवाले म्युनिसिपालिटीकडे. बेव्हनने ते सगळं फेकून दिलं आणि म्हणाला सगळी हॉस्पिटलं सरकारजमा. त्याच्याच पक्षातला हर्बर्ट मॉरिसन कॅबिनेटमधे भांडला, कारण लंडन काउंटीची हॉस्पिटलं त्याची लाडकी होती. ॲटलीने कौल बेव्हनला दिला. हा निर्णय त्याचाच, यात वाद नाही.

मी इथे सत्तरच्या दशकात आलो, मिरजेला शिकलेला माणूस. तेव्हाचा रिवाज असा की लंडनची मोठमोठी हॉस्पिटलं साहेबांच्या पोरांना आणि आमच्यासारख्यांना खाणींची गावं. वेल्श व्हॅलीत कितीतरी ठिकाणी अख्ख्या गावाचा डॉक्टर म्हणजे भारतातून नाहीतर पाकिस्तानातून आलेला. त्यामुळे बेव्हन मला पुस्तकातून नाही, पेशंटांकडून कळला. माझ्याकडे एक म्हातारी यायची, खाणीतल्या माणसाची विधवा, ती सांगायची की तिची आई वूलवर्थच्या दुकानात जाऊन चष्मा घ्यायची, म्हणजे ट्रेमधे चष्मे मांडलेले असायचे, एकेक डोळ्याला लावून पाहायचा, ज्यातून त्यातल्या त्यात बरं दिसेल तो घ्यायचा. जुलै ४८ नंतर पहिल्यांदा तिचे डोळे कुणीतरी तपासले. घरी येऊन म्हणाली, भिंतीला एवढे डाग आहेत मला माहीतच नव्हतं! आणि त्याच दिवशी घासायला बसली.

आता आमच्या जातीबद्दल (डॉक्टरांच्या). मेडिकल असोसिएशनने याला हिटलरच्या पंगतीला बसवला होता. त्यांच्या साप्ताहिकात एका जुन्या सेक्रेटरीने लिहिलं की हे म्हणजे जर्मनीतल्या नाझी राजवटीकडे पहिलं पाऊल. फेब्रुवारी १९४८ मधे मतदान घेतलं तर दहापैकी जवळजवळ नऊ डॉक्टर विरोधात. योजना सुरू व्हायची होती ५ जुलैला. पाच महिने राहिलेले आणि डॉक्टर म्हणतायत आम्ही येत नाही.

याने काय केलं? भिंतीला डोकं आपटलं नाही. आधी मोठ्या हॉस्पिटलांतले कन्सल्टंट फोडले. त्यांना सांगितलं की तुमची खाजगी प्रॅक्टिस ठेवा, सरकारी हॉस्पिटलातच खाजगी खाटा ठेवा, वर गुणवत्तेचे भत्ते घ्या. "मी त्यांची तोंडं सोन्याने बंद केली" असं तो नंतर म्हणाल्याचं सांगतात ते हेच. त्यात मध्यस्थ कोण तर लॉर्ड मोरान, चर्चिलचा खाजगी डॉक्टर! मग फॅमिली डॉक्टरांना भीती होती की आपल्याला पगारी नोकर करतील, तर एप्रिलमधे जाहीर केलं की कायद्यातच लिहून देतो, असं करणार नाही, यादीवर जेवढे पेशंट तेवढे पैसे. प्रॅक्टिस विकायला मात्र बंदी, त्याची भरपाई म्हणून ६.६ कोटी पौंड बाजूला ठेवले. मे महिन्यात परत मतदान झालं आणि विरोध ढासळला. जुलैत सगळे मुकाट्याने आत.

मी स्वतः आयुष्यभर त्याच यादीच्या पैशावर घर चालवलं, त्यामुळे तक्रार करायला तोंड नाही.

कोकणकडा

डॉक्टरसाहेब, भिंतीच्या डागांवर एक सलाम घ्या.

अवांतर: ट्रेडीगरमधे खाणकामगारांची स्वतःची मेडिकल सोसायटी होती, पगाराच्या दर पौंडामागे काही पेनी कापायच्या आणि त्यात डॉक्टर, दवाखाना, दातवाला, सगळं. बायका-पोरांसकट. बेव्हन तिच्या कमिटीवर होता. म्हणून तो म्हणायचा की मी काही नवीन करत नाहीये, तुम्हा सगळ्यांना ट्रेडीगरवाले करून टाकतोय.

आता खरं अवांतर. त्याच सोसायटीत १९२० च्या सुमारास क्रोनिन नावाचा स्कॉटिश डॉक्टर नोकरीला होता, तो पुढे कादंबरीकार झाला, खाणगावातल्या तरुण डॉक्टरवरची त्याची कादंबरी तुफान चालली, आणि तिच्यावरूनच विजय आनंदने देव आनंदला घेऊन १९७१ ला हिंदी सिनेमा काढला. म्हणजे आपल्या आई-वडिलांनी ट्रेडीगर थेटरात पाहिलेलं आहे, फक्त त्यांना माहीत नाही.

पारावरचा

हे बाबांना आत्ताच फोन करून सांगितलं. "म्हणजे मी तिथे आधीच जाऊन आलो होतो" म्हणाले. गाणं पण गुणगुणले.

चिंचगुळ

मी बर्मिंगहॅममधे वॉर्डावर नर्स आहे, आत्ताच नाईट करून आलेय त्यामुळे विस्कळीत लिहिलं तर माफ करा.

मला बेव्हनचा आवडलेला मुद्दा वेगळाच आहे. सुरुवातीला एनएचएस परदेशी पाहुण्यांनापण फुकट होती आणि पेपरवाले तेव्हाही बोंबलत होते की हे फुकटे येऊन आपले दात करून घेतात. त्यावर याचं उत्तर काय, तर एक परदेशी माणूस ओळखायचा तर आपण परदेशी नाही हे प्रत्येक ब्रिटिश माणसाला सिद्ध करावं लागेल, सगळ्यांना कागद घेऊन फिरावं लागेल, आणि जे वाचवायला निघालात त्याहून जास्त त्रास करून घ्याल. किती साधं लॉजिक! पुढे ऐंशीच्या दशकात पाहुण्यांना चार्ज लागलाच, आणि आता तर आपण व्हिसा घेतानाच वर्षाला १,०३५ पौंड हेल्थ सरचार्ज भरतो, वर पगारातून टॅक्स आहेच. मी एनएचएसमधेच काम करते, हेल्थ वर्कर व्हिसावर असल्यामुळे मला माफ आहे, पण माझी बहीण आयटीत, ती आणि तिचा नवरा आणि दोन पोरं, हिशेब करा तुम्हीच (पोरांना थोडा कमी आहे).

दुसरं, कुणी जेनी लीचं नावच घेतलं नाही अजून! त्याची बायको. स्कॉटलंडच्या खाणकामगाराची मुलगी, १९२९ च्या पोटनिवडणुकीत चोविसाव्या वर्षी खासदार. गंमत म्हणजे तेव्हा तिशीच्या आतल्या बायकांना मत द्यायला मिळत नव्हतं अजून, म्हणजे ही निवडून आली पण स्वतःला मत देऊ शकली नाही. नवरा असताना त्याच्या मागे राहिली, तो गेल्यावर पंतप्रधान विल्सनच्या सरकारात मंत्री झाली आणि ओपन युनिव्हर्सिटी उभी करून दाखवली. माझी आई नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून चाळिशीत पदवीधर झाली, त्या सगळ्या मुक्त विद्यापीठांच्या खापरपणजीच्या जागी ही ओपन युनिव्हर्सिटी. तिच्यावर वेगळा धागा काढाच कुणीतरी.

शंकासुर

जेनी लीबद्दल +१.

पण साहेबांच्या जिभेबद्दल पण बोला ना. ४ जुलै १९४८, म्हणजे योजना सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, मँचेस्टरच्या सभेत हा म्हणतो की हुजूर पक्षवाले माझ्या लेखी किड्या-उंदरांपेक्षा नीच! देशातला सगळ्यात मोठा कार्यक्रम उद्या आहे, सगळ्यांना सोबत घ्यायची वेळ आहे, आणि आरोग्यमंत्री हे बोलतो. ॲटलीने खरमरीत पत्र लिहिलं. हुजुरांच्या पोरांनी उंदराचे बिल्ले करून क्लब काढला, मार्गारेट थॅचर पण त्यात होती. पुढे १९५१ मधे लंडनच्या एका खानदानी क्लबच्या पायऱ्यांवर एकाने याला मागून लाथ घातली.

आणि तो गरिबांचा नेता शँपेन प्यायचा, त्याला "शँपेनवाला बोल्शेव्हिक" म्हणून टोमणे मारायचे. १९५७ मधे एका साप्ताहिकाने लिहिलं की व्हेनिसच्या परिषदेत बेव्हन, त्याच्याच पक्षाचा खासदार क्रॉसमन आणि तिसरा एक गळ्यापर्यंत प्यायले होते, तर हे तिघे कोर्टात गेले, प्रत्येकी अडीच हजार पौंड जिंकले, आणि नंतर क्रॉसमनच्याच बोलण्यातून बाहेर आलं की लिहिलं होतं ते फार चुकीचं नव्हतं. म्हणजे शपथेवर खोटं. हे पण धाग्यात पाहिजे.

पारावरचा

शंकासुर, सगळं मान्य. किड्या-उंदरांच्या वाक्याची किंमत पक्षाला मोजावी लागली असं तेव्हाही म्हणत होते. फक्त त्या वाक्याच्या आधी तो काय बोलत होता ते बघा. तरुणपणी बेकार असताना बहिणीच्या कमाईवर जगायला लागलं, कुणीतरी देश सोडून जा म्हणून सल्ला दिला, त्याची आठवण सांगता सांगता तोल गेला. म्हणजे ते वाक्य बरोबर होत नाही, पण ते भाषणासाठी घडवलेलं नव्हतं, आतून आलेलं होतं.

व्हेनिसच्या केसबद्दल बचाव नाही. शँपेनबद्दल मात्र आहे! तो म्हणायचा की चांगलं ते सगळ्यांना मिळालं पाहिजे, मग चांगलं म्हणजे काय ते चाखलेलं नको? घरांच्या बाबतीत हेच केलं त्याने. लोक विसरतात, आरोग्यमंत्र्याकडेच तेव्हा घरबांधणी पण होती. बॉम्बने शहरं पडलेली, विटा नाहीत, लाकूड नाही, लोक रिकाम्या लष्करी छावण्यांत घुसून राहतायत, सगळे म्हणतायत लहान-सहान खुराडी बांधा पण पटापट बांधा. आणि हा म्हणतो नाय! कौन्सिलचं घर ९०० चौरस फुटांचं झालंच पाहिजे, खाली-वर दोन संडास पाहिजेत. म्हणे वर्ष-दोन वर्षं लोक आपल्याला किती घरं बांधली यावर जोखतील, दहा वर्षांनी कसली बांधली यावर जोखतील. आकडा कमी पडला, त्यावरून शिव्या खाल्ल्या. त्याच्यानंतर हुजूर पक्षाने वर्षाला तीन लाखांचं टार्गेट पुरं केलं पण घरं आखूड करून. मी इथे पहिली दोन वर्षं त्या काळातल्या एका कौन्सिल घरात भाड्याने राहिलोय, आता ते खाजगी झालंय, स्वयंपाकघर असं की कार्डिफच्या नव्या फ्लॅटातली दोन त्यात बसतील. बायको अजून त्याच स्वयंपाकघराचं नाव काढते.

हिशेबनीस

राजीनाम्यावर कुणी बोलतच नाहीये, धाग्याचं नाव "नाय म्हणजे नाय" आणि खरं "नाय" तिथे आहे.

एप्रिल १९५१. कोरियाचं युद्ध चालू, अमेरिकेचा दबाव, सरकारने तीन वर्षांत ४७० कोटी पौंडांचा शस्त्रास्त्रांचा कार्यक्रम ठरवला. नवीन अर्थमंत्री गेटस्केल, त्याने बजेटमधे कवळ्या आणि चष्म्यांवर निम्मा खर्च पेशंटने द्यायचा असं घातलं. त्यातून त्या वर्षी वाचणार किती, तर १.३ कोटी पौंड. ४७० कोटी एकीकडे आणि १.३ कोटी दुसरीकडे. बेव्हनने राजीनामा दिला, सोबत हॅरल्ड विल्सन आणि जॉन फ्रीमन. त्याच वर्षी लेबर हरली आणि तेरा वर्षं बाहेर बसली.

आता दोन्ही बाजू. त्याच्या विरोधात हे की १९४९ मधे औषधाच्या चिठ्ठीला एक शिलिंग घेण्याची तरतूद कायद्यात आली तेव्हा हाच मंत्री होता, गिळलीच ना तेव्हा! (त्याचा हिशेब बहुतेक असा होता की कायद्यात असू दे, अंमल होऊ देणार नाही.) आणि गेटस्केल त्याच्यापेक्षा आठेक वर्षांनी लहान, पार्लमेंटात सोळा वर्षांनी ज्युनिअर, शिकल्यासवरल्या घरचा, त्याला अर्थखातं दिलं आणि याला नाही, हे सलत होतं.

त्याच्या बाजूने हे की तो म्हणाला होता, एवढा शस्त्रखर्च झेपणारच नाही, कच्चा माल नाही, मशीन नाहीत, पैसे खर्चच होणार नाहीत. तसंच झालं. चर्चिल परत पंतप्रधान झाल्यावर त्यालाच कार्यक्रम लांबवावा लागला, आणि त्याने भर सभागृहात कबूल केलं की बेव्हनचं बरोबर निघालं, योगायोगाने आणि कदाचित फार चांगल्या हेतूने नसेल, पण निघालं. ज्या चर्चिलला हा युद्धकाळात म्हणाला होता की पंतप्रधान वादामागून वाद जिंकतायत आणि लढाईमागून लढाई हरतायत, त्याच्याकडून हे प्रशस्तिपत्रक.

माझं मत विचाराल तर राजीनामा चुकला. आत राहून भांडायला पाहिजे होतं. शेपटी एकदा हातात आली होती, ती त्याने स्वतः सोडली.

डॉ_खोकला

हिशेबनीस, आकडे बरोबर पण मी तुमच्याशी सहमत नाही. दवाखान्याच्या दारात एकदा गल्ला ठेवला की तो सहसा हटत नाही, फक्त रक्कम बदलते. ५२ मधे हुजुरांनी शिलिंग लावलाच. आज इंग्लंडात एका औषधाला जवळपास दहा पौंड पडतात. वेल्समधे २००७ पासून फुकट, तेवढा एक बेव्हनचा हट्ट वेल्सने पाळला. मी रिटायर व्हायच्या आधीची ती गोष्ट, आणि त्या वर्षी पहिल्यांदा पेशंटने मला "या तिघांतलं कुठलं औषध नाही घेतलं तरी चालेल डॉक्टर?" हे विचारणं बंद झालं.

बोरकूट

थोडं आपल्याकडचं. याच वेळी, १९४३ ते ४६, भारतात आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीचं काम चालू होतं. अध्यक्ष सर जोसेफ भोर, जन्म नाशिकचा, शिक्षण पुण्यात डेक्कन कॉलेजला. त्या अहवालातपण हेच लिहिलंय की पैसे नाहीत म्हणून कुणालाही उपचार नाकारले जाऊ नयेत. आपली प्राथमिक आरोग्य केंद्रं त्यातूनच आली. म्हणजे विचार दोन्हीकडे एकाच सुमाराला, आमच्याकडे कागद नाशिककराने लिहिला, पण अर्थ आणि आरोग्य दोन्ही खात्यांशी भांडणारा नाय नव्हता. भारताच्या स्वातंत्र्याच्या बाजूने बेव्हन आधीपासून होता, नेहरूंशी चांगली ओळख, १९५३ मधे भारतात येऊन पण गेला.

धागाकर्त्याच्या वडिलांना विचारा, झेडपीत असताना पीएचसीच्या फायली कुठे अडायच्या.

निवांत

बेव्हिन-बेव्हन घोळ निस्तरल्यावर मी दोन दिवस वाचत बसलोय. शेवट कुणी लिहिला नाही म्हणून लिहितो.

१९५५ ला पक्षातून हाकलायचीच वेळ आली होती, कार्यकारिणीत एका मताने वाचला. त्याच वर्षी नेतेपदाच्या निवडणुकीत गेटस्केलने १५७ विरुद्ध ७० असा पाडला. ५६ मधे सुएझ कालव्याच्या लढाईच्या वेळी ट्रॅफल्गार स्क्वेअरला भाषण, पंतप्रधान ईडन म्हणतात ते खरंच मनापासून म्हणत असतील तर ते पंतप्रधान व्हायला फार मठ्ठ आहेत! आणि मग ५७ मधे ब्रायटनच्या पक्ष अधिवेशनात घात. सगळे बेव्हनवाले अणुबॉम्ब सोडून द्या म्हणून बसलेले आणि हाच उठून म्हणाला, परराष्ट्रमंत्र्याला नागडं करून वाटाघाटीच्या खोलीत पाठवू नका. समोर बसलेली त्याची स्वतःची माणसं ओरडायला लागली. आयुष्यभर ज्यांच्यासाठी नाय म्हणाला त्यांनाच नाय म्हणाला. मला वाटतं तेव्हा परत ती कोटाची शेपटी दिसली असावी त्याला, लेबर जिंकली तर परराष्ट्रखातं मिळणार होतं.

१९५९ ला लेबर हरली. उपनेता झाला आणि पोटाच्या कॅन्सरने ६ जुलै १९६० ला गेला, बासष्टाव्या वर्षी, एनएचएसच्या बाराव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी.

चिंचगुळ

निवांत, सुंदर लिहिलंत. पारावरचा, आम्ही ऑगस्टमधे कार्डिफला येणार आहोत, त्या दगडांपर्यंत गाडीशिवाय जाता येतं का? सोबत सासूबाई आहेत, गुडघे दुखतात.

पारावरचा

कार्डिफहून एब्बू व्हेल टाऊनला ट्रेन आहे, साधारण तासभर. पुढे टॅक्सी करा, चालत जाऊ नका, चढ आहे. दगड ए-४६५ हायवेपासून जवळच आहेत, गाडी अगदी जवळ लागते, सासूबाईंना गाडीत बसूनही दिसतील. आमच्या आईने तसंच पाहिलं.

बोरकूट, बाबांना विचारलं. म्हणाले, "पीएचसीच्या फायली? त्या कधी अडल्याच नाहीत. माझ्या टेबलावरून लगेच पुढच्या टेबलावर जायच्या."

आणि चिंचगुळ, ऑगस्ट असला तरी कानटोपी आणा.